प्रकल्प नोंदी: १० + १५० + ३० किमी

९ मार्च

आज नाव नोंदवलं. सप्टेंबरमधली लाँग डिस्टन्स ड्युएथलॉन: आधी १० किमी धावणं, मग १५० किमी सायकल, मग परत ३० किमी धावणं. या प्रकारातली सगळ्यांत नावाजलेली शर्यत म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या झोफिंगेनची पॉवरमॅन, १९८९ पासून होणारी. आमच्या शर्यतीची अंतरं तिच्यावरूनच घेतली आहेत.

आतापर्यंत मी १०-४०-५ वाल्या ड्युएथलॉन केल्या. त्यांत शेवटची धाव पहिलीच्या निम्मी असते, त्यामुळे सायकलवरून उतरल्यावर पाय कितीही जड झाले तरी अर्ध्या तासात सुटका. इथे शेवटची धाव पहिलीच्या तिप्पट आहे. तीन तासांहून जास्त वेळ, आणि तोही सात तास अंगमेहनत झाल्यावर. ट्रायथलॉनमध्ये पोहून आलेल्याचे पाय सायकलवर बसताना बऱ्यापैकी ताजे असतात. आपण बसतो तेव्हा दहा किलोमीटर पायांतून गेलेले असतात.

म्हणून उद्दिष्ट एकच ठेवते: शेवटचे ३० किमी धावत पूर्ण करायचे. एकूण वेळ साडेदहा तासांच्या आत आली तर फार आनंद होईल, पण सराव जमला की फसला हे मी दुसऱ्या धावेवरूनच ठरवणार. पहिली धाव, सायकल, खाणं, सगळं तिच्यासाठी.

२३ मार्च

इंधनाचा हिशोब मांडला. धावण्याला दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी लागते. माझं वजन ५८ किलो, म्हणजे पहिल्या धावेला ५८० आणि दुसरीला १७४०. सायकलवर सरासरी १३३ वॉट धरले आणि सहा तासांच्या आत उरकलं, तर २८०० किलोज्यूलच्या आसपास काम होतं. शरीराची कार्यक्षमता पाव हिश्श्याच्या जवळ आणि एका किलोकॅलरीत चारेक किलोज्यूल असल्यामुळे तेवढ्याच किलोकॅलरी खर्च होतात असं धरायला हरकत नाही. सगळं मिळून पाच हजारांच्या वर.

स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनचा (शरीरात साठवलेल्या साखरेचा) साठा पुरेपूर भरला तरी तो दीड-दोन हजार किलोकॅलरींच्या घरात. उरलेलं चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्यातून यायचं. चरबीचा साठा पुष्कळ, पण ती सावकाश जळते. वेग वाढला की शरीर साखरच मागतं. थोडक्यात, पहिल्या दहा किलोमीटरमध्ये वेग लावला तर जो साठा पंचविसाव्या किलोमीटरला हवा आहे तोच सकाळी संपवून बसायचं.

माझ्या प्रशिक्षक सरांना हा कागद दाखवला. ते म्हणाले, "हिशोब बरोबर आहे. आता पोटाला विचार, ते एवढं घेईल का?"

१३ एप्रिल

सायकलची कामं. मागे ११ ते ३२ दात्यांची कॅसेट (मागच्या चाकाच्या दातेरी चक्रांचा गठ्ठा) बसवली, पुढे ५० आणि ३४ दात्यांची चक्रं आहेतच. चढावर ३४-३२ मिळाला की मिनिटाला सत्तरच्या वर पायडल फिरवता येतं आणि गुडघ्यांवर जोर येत नाही. टायर २५ चे काढून २८ मिमीचे घातले. हवा ६५ पीएसआय, पुढच्या चाकात किंचित कमी. खडबडीत रस्त्यावर फार कडक टायर उसळत राहतो आणि ते हादरे खांद्यांत, कमरेत साठत जातात.

हँडल थोडं वर घेतलं. वाकून बसलं की हवेचा विरोध कमी होतो हे खरं. विरोधावर मात करायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे त्याचा फायदा मोठाच. पण सहा तास दुमडून बसलेली कंबर नंतर तीन तास सरळ ठेवून धावायचं आहे. थोडी हवा अंगावर घेईन.

११ मे

पोटाचा सराव चालू आहे. लांबच्या राइडला तासाला ४० ग्रॅम कार्बपासून (कर्बोदकांपासून) सुरुवात केली, आता ६० वर आले आहे. ७० गाठायचे आहेत.

याचं शास्त्र मला आवडतं. आतड्यातून ग्लुकोज आत घेणारी वाट तासाला ६० ग्रॅमच्या आसपास भरून जाते. त्यावर नुसतं ग्लुकोज ढकललं तर ते आतड्यातच राहतं आणि मग मळमळ, कळा. फ्रुक्टोजची वाट वेगळी. दोन्ही एकत्र घेतले तर तासाला ९० ग्रॅमपर्यंत शोषले जातात. माझ्या पावडरीत आणि जेलमध्ये (पाकिटातल्या घट्ट गोड पाकात) दोन्ही आहेत. आणि आतडंही सवयीने शिकतं. एप्रिलमध्ये ५० ग्रॅमलाच पोट डब्ब व्हायचं, आज ६० घेऊन उतरल्यावर अर्धा तास धावले आणि काही जाणवलं नाही.

घड्याळात दर २५ मिनिटांनी कंप लावला आहे. भूक लागण्याची वाट पाहायची नाही.

८ जून: पहिली चाचणी

आजचा प्रयोग पुष्कळ दिवस डोक्यात होता. १० किमी धाव, ८० किमी सायकल, १२ किमी धाव. पहिली धाव मुद्दाम चपळ ठेवली, किलोमीटरला ५:१५ मिनिटं. माझी दहा किमीची सर्वोत्तम वेळ ५० मिनिटं, म्हणजे जोर होता पण फरफट नव्हती. सायकल १३३ वॉटवर.

दुसऱ्या धावेचे पहिले तीन किमी सहाच्या पेसने (किलोमीटरला सहा मिनिटं) छान गेले. पाचव्यानंतर मांड्या बोलू लागल्या. आठव्यापासून पावलं आखूड होत गेली, आणि नाडी वाढत नसताना वेग पडत गेला. दम भरपूर शिल्लक होता, पायच उचलेनात. सरासरी ६:३५.

२२ जून: दुसरी चाचणी

तोच रस्ता, तीच वेळ, तेच वॉट, तेच खाणं. फक्त पहिली धाव ५:४५ ने. सुरुवातीला हे फार कठीण गेलं, कारण सकाळी ताजे पाय आपोआप पुढे पळतात. प्रत्येक किलोमीटरला घड्याळ बघून स्वतःला मागे खेचलं.

दुसऱ्या धावेची सरासरी ६:०५, आणि शेवटचा किलोमीटर पहिल्याच्या जवळपास. पहिल्या धावेत पाच मिनिटं घालवली, दुसरीत सहा मिळाली. बारा किलोमीटरमध्ये फायदा फक्त मिनिटभराचा दिसतो, पण आठव्या किलोमीटरनंतर दोन्ही दिवसांचे आलेख बघितले तर खरी गोष्ट कळते. एक आलेख घसरत चाललाय, दुसरा सपाट आहे. तो सपाट आलेख आणखी अठरा किलोमीटर तसाच राहिला तर फरक मिनिटाचा राहणार नाही.

आज हवा दोन-तीन अंशांनी थंड होती हे मान्य. दोन दिवसांच्या सरावावरून नियम काढता येत नाही. तरी उतरताना पायांत जे जाणवलं ते इतकं वेगळं होतं की मी निर्णय घेतला: शर्यतीत पहिली धाव ५:४५ च्या आत न्यायची नाही, कोणीही पुढे जावो.

६ जुलै

दुसऱ्या धावेचा नकाशा आला. साडेसात किलोमीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत एक चढ आणि तेवढाच उतार. मला काळजी उताराची.

चढावर मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतारावर तो ताणला जात असताना भार पेलतो आणि त्यात त्याचे तंतू जास्त दुखावतात. मॅरेथॉननंतर दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही तो याच्यामुळे. चांगली गोष्ट अशी की एकदा असा मार बसून स्नायू भरून आला, की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराने कमी दुखावतो, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून आता दर पंधरवड्याला उताराचा एक दिवस. लांब, सौम्य उतारावर सहा-आठ वेळा खाली धावायचं, वर चालत यायचं.

पद्धत सरांनी शिकवली. पाऊल अंगाखालीच पडू द्यायचं, पुढे फेकायचं नाही. पावलं छोटी आणि जलद. अंग मागे टाकायचं नाही. टाच लांब पुढे रोवली की प्रत्येक पावलाला मांडी ब्रेक लावते. आज पहिल्यांदाच खाली येताना पायांचा धपधप आवाज बंद झाला. सर वर उभे राहून ओरडले, "हां, हेच! आता हे थकल्यावर करून दाखव."

२७ जुलै

उन्हात घामाची चाचणी. तासभर धावण्याआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन केलं: ६०० ग्रॅम घट, वाटेत ३०० मिली प्यायले होते. म्हणजे तासाला ९०० मिली घाम. सगळा भरून काढायचा नाही. गरजेपेक्षा जास्त पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते थोड्या निर्जलीकरणापेक्षा कितीतरी धोक्याचं. तासाला ६०० मिली, मीठ घातलेलं, बाकी तहानेप्रमाणे.

१७ ऑगस्ट

सगळ्यांत लांबचा सराव: १० धाव, १२० सायकल, १५ धाव. पहिली धाव ५:४८, सायकल १३४ वॉट, तासाला ७० ग्रॅम पोटात टिकले. दुसरी धाव ६:१५ च्या आसपास, शेवटपर्यंत एकसारखी. फार समाधान वाटलं. लिहावं असं आणखी काही नाही, सगळं ठरल्यासारखं झालं.

२५ ऑगस्ट

टेपर, म्हणजे शर्यतीआधी सराव उतरवणं, सुरू. दोन आठवड्यांत एकूण अंतर जवळपास निम्म्यावर आणायचं, जोराचे छोटे तुकडे मात्र तसेच ठेवायचे, सरावाचे दिवसही फारसे कमी करायचे नाहीत. टेपरवरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्षही साधारण असाच आहे. पाय अस्वस्थ आहेत. रात्री झोपेत सायकल चालवल्यासारखे हलतात म्हणे.

६ सप्टेंबर

सायकल जमा केली. नियमांच्या बैठकीला बसले. पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर; त्या पट्ट्यात शिरलं तर २५ सेकंदांत ओलांडून पुढे जायचं. हेल्मेटचा पट्टा सायकलला हात लावण्याआधी बंद, आणि सायकल परत रॅकवर टांगल्यावरच उघडायचा.

सायकलच्या नळीवर जेल चिकटवण्याऐवजी वरच्या छोट्या पिशवीत ठेवली: दहा जेल, प्रत्येकी २५ ग्रॅम, प्रत्येकाच्या पाकिटाचा कोपरा आधीच जरासा कापून त्यावर टेप लावलेली. घामेजलेल्या बोटांनी पाकीट फाडायला गेलं की निम्मं जेल हातावर येतं. दोन बाटल्यांत ८० ग्रॅम प्रत्येकी. एकूण ४१० ग्रॅम कार्ब. दुसऱ्या धावेच्या बुटांना इलॅस्टिकच्या लेस, शेजारी कोरडे मोजे गुंडाळून, अंगठ्याच्या बाजूने उघडे ठेवलेले, म्हणजे ओढले की सरळ चढतात.

७ सप्टेंबर: शर्यत

*पहिली धाव.* बंदूक वाजली आणि सगळा घोळका माझ्या पुढे निघून गेला. पहिल्या किलोमीटरला मी शेवटच्या पंधरा-वीस जणांत होते. मन खूप ओढत होतं, पण जूनमधला तो सपाट आलेख डोळ्यांपुढे होता. बोलता येईल इतकाच श्वास. ५७:४०. ट्रान्झिशन (धाव संपवून सायकलवर बसेपर्यंतचा वेळ) २:५०.

*सायकल.* पन्नास किलोमीटरच्या तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत गर्दी होती. चढाच्या पायथ्याशी घोळका गोळा व्हायचा आणि १२ मीटर राखायला सारखं पायडल सोडावं लागायचं. वैताग येतो, पण मोटारसायकलवरचा मार्शल शेजारूनच चालला होता आणि दोघांना कार्ड दाखवलेलं मी पाहिलं. चढावर १७० वॉटच्या वर जायचं नाही ही रेषा पाळली. तिथे माझ्यापुढे गेलेल्यांपैकी बरेच जण दुसऱ्या फेरीच्या सपाटीवर परत भेटले. पहिली फेरी १:५४, दुसरी १:५६.

११२ व्या किलोमीटरला डाव्या मांडीच्या आतल्या बाजूला गोळा आला. असा की पायडल वर येताना पाय तिथेच अडकला. दात आवळून पायडलिंग थांबवलं, डावा पाय खाली सरळ केला, टाच खाली दाबली आणि उतारावर सायकल तशीच सोडली. पेटके मिठाच्या कमतरतेने येतात की स्नायूंच्या थकव्याने यावर जाणकारांत अजून वाद आहे. ताण दिल्यावर सुटतो एवढं मात्र खरं. मिनिटभरात सुटला. मग गिअर दोनने हलका केला आणि पुढचे पाच किमी ताकद न लावता नुसते पाय फिरवले. भीती वाटत होती, कारण धावताना पाय पुढे आणायला हा स्नायूही लागतो.

तिसऱ्या फेरीत समोरून वारा. वॉट ठरलेले ठेवले आणि वेग पडू दिला. वाऱ्याशी भांडून दोन मिनिटं मिळवली असती आणि पुढे दहा दिली असती. फेरी २:०२. दहाही जेल संपली. १५० किमी ५ तास ५२ मिनिटं. उतरताना मान वळत नव्हती, पण पोट शांत होतं.

*दुसरी धाव.* ट्रान्झिशन ३:३०. मोजे बदलले. कोरड्या मोज्यांवर गेलेली तीस सेकंदं आजची सगळ्यांत चांगली गुंतवणूक.

पहिला किलोमीटर पाय आपले नसतात. सायकलची लय अंगात असते, पावलं आखूड पडतात, वेगाचा अंदाज येत नाही. मला वाटलं सातच्या पेसने चाललेय, घड्याळात ६:०५. लगेच मागे आले. पहिली फेरी ४७:२०, दुसरी ४८:१०. उतारावर छोटी, जलद पावलं, आवाज न करता. शेजारून लोक धपाधप खाली जायचे आणि सपाटीवर चालू लागायचे. त्यांच्याविषयी वाईट वाटायचं; सकाळी याच लोकांच्या पाठी मी बघितल्या होत्या.

तिसऱ्या फेरीत कस लागला. सतरा ते बावीस. जेल तोंडात धरवेना, गोड वासानेच घशाशी यायचं. पाण्याच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "ताई, कोला देऊ की नुसतं पाणी?" कोला घेतला, अर्धा कप, गॅस गेलेला. तोंडात फिरवून गिळला. पुढच्या टेबलावर परत अर्धा. साखर आणि कॅफिन दोन्ही. चढ चालत चढले, तीनेकशे मीटर. ते ठरवूनच, कारण तिथे माझं धावणं आणि चालणं यांत मिनिटाचाही फरक पडत नव्हता आणि नाडी मात्र दहाने उतरत होती. या फेरीला ५१ मिनिटं.

चौथ्या फेरीच्या सुरुवातीला एक साठीचे गृहस्थ शेजारी आले. बराच वेळ आम्ही बरोबर धावलो. "कितवी?" त्यांनी विचारलं. "या अंतराची पहिली, काका." "मग पुढच्या वळणापर्यंत माझ्याबरोबर या, नंतर बघू." वळण आलं. "आता त्या झाडापर्यंत." असं करत चढ पार केला, या वेळी धावत. माथ्यावर ते म्हणाले, "जा, तुमच्या पायांत आहे अजून," आणि मी खरंच सुटले. उतारावर मांड्या जळत होत्या, पण धरून होत्या. ४९:००.

दुसरी धाव ३:१५:३०. एकूण १०:११:३०. दुसऱ्या धावेत कितीजणांना मागे टाकलं ते मोजलं नाही. माझ्यापुढे गेलेला एकही आठवत नाही.

९ सप्टेंबर

जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं, पण उलटं उतरावं लागत नाही. पहिल्या मॅरेथॉननंतर याहून वाईट हाल होते. उताराच्या सरावाचा यात मोठा वाटा आहे असं मी मानते. डाव्या मांडीच्या आतली बाजू अजून दाबली की दुखते. धावणं बंद, फक्त चालणं.

२१ सप्टेंबर

सरांबरोबर आकडे उलगडून बसले. सायकलचे वॉट फेरीनिहाय १३६, १३३, १२९. नाडी मात्र तिन्ही फेऱ्यांत जवळपास तीच. म्हणजे शेवटी तेवढ्याच नाडीला कमी काम निघत होतं. सरांच्या मते पहिली फेरी १३३ वर ठेवली असती तर तिसरीत गोळा कदाचित आलाच नसता. मला ते पटतंय, पण गर्दीतल्या त्या सारख्या थांबण्या-सुटण्याचाही हात असावा. तिथल्या प्रत्येक सुटण्याला क्षणभर २५०-३०० वॉट दिसतात, आणि सरासरीत ते झाकले जातात.

दुसऱ्या धावेत खाण्याचा हिशोब कमी पडला. तासाला ५० ग्रॅम ठरले होते, तिसऱ्या फेरीत ३० सुद्धा गेले नसतील. सायकलवरचं पोट आणि धावतानाचं पोट वेगळं, कारण धावताना ते सतत हिंदकळतं. सरावातली दुसरी धाव फार तर पंधरा किलोमीटरची होती, त्यामुळे सतराव्यानंतर काय होतं हे कळायला शर्यतच उजाडली. पुढच्या तयारीत लांब धावांना शेवटच्या तासात गोड न लागणारं काहीतरी आणि पातळ केलेला कोला, असं आलटून पालटून घेऊन बघायचं.

पहिल्या धावेचा प्रश्न मात्र उघडा आहे. सर विचारत होते, "५:४५ ऐवजी ५:३५ केलं असतं तर?" दोन टोकं तपासली आहेत, मधलं नाही. डिसेंबरात हवा थंड झाली की ५:३५ ने तिसरी चाचणी: तोच रस्ता, ८० किमी सायकल, आणि दुसरी धाव या वेळी बाराऐवजी अठरा. चेन झिजलीय, तोवर बदलून घ्यायची.